लग्नगड्यांना मोकळं करणाऱ्या गोदूताई परुळेकर

गुलामगिरी हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो महात्मा जोतिराव फुले यांच्यामुळे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतल्या ज्या भल्या माणसांनी काळ्या गुलामांची सुटका केली, त्यांना तो अर्पण केला. पुण्यात बसून जोतिरावांना सातासमुद्रापलीकडच्या गुलामांचं दुःख कळलं, कारण तेच दुःख इथल्या शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला आलेलं त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होतं.

त्या अमेरिकेत हॅरिएट टबमन नावाची एक काळी बाई होऊन गेली. ती गुलाम म्हणूनच जन्मली. १८४९ साली ती मालकाच्या तावडीतून पळाली आणि मोकळ्या मुलखात पोहोचली. पण एकटी सुटली म्हणून ती स्वस्थ बसली नाही. पुढच्या दहा-अकरा वर्षांत ती सुमारे तेरा वेळा त्याच नरकात परत गेली आणि रात्रीच्या अंधारात, जंगलातून, दलदलीतून सुमारे सत्तर माणसांना बाहेर घेऊन आली. सापडली असती तर पुन्हा बेडी नाहीतर मरण, हे तिला पक्कं माहीत होतं. १९१३ साली ती वारली, तरी आजही जगभर तिचं नाव आदराने घेतलं जातं.

अशा गोष्टी वाचल्या की आपल्याला वाटतं, हे सगळं दूरदेशीचं. आपल्याकडे माणसाला बाजारात उभं करून विकण्याची पद्धत कुठे होती? पण गुलामीला बाजार लागतोच असं नाही. तिला कर्ज पुरतं. देश स्वतंत्र होण्याच्या अवघी दोन वर्षं आधी, आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईपासून रेल्वेच्या काही तासांच्या अंतरावर, हजारो माणसं जन्मभराची गुलाम होती. त्यांना सोडवण्यासाठी पुण्याच्या एका वकिलाची शिकलेली लेक जंगलात गेली. तिचं नाव गोदावरी परुळेकर. चळवळीतली माणसं तिला गोदूताई म्हणत आणि वारली लोक गोदाराणी म्हणत. त्यांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. आपल्या नव्या पिढीतल्या लेकरांना हे नाव क्वचितच माहीत असतं, म्हणून या स्मरणिकेत त्यांचं चरित्र थोडक्यात मांडावं असं आम्हाला वाटलं.

लग्नगडी म्हणजे कोण?

आपल्या सेनगाव भागात सालगडी म्हणजे काय ते कोणाला सांगावं लागत नाही. गुढीपाडव्याला साल ठरतं, पैसा आणि धान्य ठरतं, गडी वर्षभर मालकाच्या आखाड्यावर राबतो. त्यात कष्ट आहेत, अपमानही असतो. पण पुढचा पाडवा आला की गडी दुसरं घर धरू शकतो. लग्नगड्याला असा पाडवा कधी येतच नव्हता.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि उंबरगाव हे तालुके म्हणजे वारली आदिवासींचा मुलूख. आज त्यातला डहाणू-तलासरीचा भाग २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहे आणि उंबरगाव गुजरातेत आहे. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढणारे वारली आता सगळ्यांना ठाऊक आहेत. जंगल, जमीन मुळात त्यांचीच. पण इंग्रजी अमदानीत कागद आले, कोर्ट आलं, सावकार आला. अंगठा कशावर उठवतो आहोत हे कळत नसलेल्या माणसांच्या जमिनी बघता बघता सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या. मालक होते ते आपल्याच शेतात कूळ झाले आणि पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून जमीनदाराच्या खळ्यावर नेऊन टाकू लागले.

घरात पोरगा लग्नाचा झाला की मुलीच्या बापाला देज द्यावं लागे, पाहुण्यांना जेवण घालावं लागे. हातात दमडी नाही. मग जमीनदाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि त्याबदली नवरा मुलगा त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राहायचा. तो एकटाच नाही, तर त्याची नवी नवरीही. मजुरी नाही, पोटाला जे मिळेल ते. हिशोब मालकाच्या वहीत आणि ती वही वाचणारा मालकच. कर्ज फिटलं असं त्या वहीत कधी लिहिलं जात नसे. जमीनदार लग्नगड्याच्या बायकोलाही आपलीच मालमत्ता समजे, आणि तिच्या अब्रूला तिथे वाली नव्हता. ज्या लग्नासाठी कुडाच्या भिंतीवर पांढरा लग्नचौक रंगायचा, तेच लग्न जोडप्याला जन्माचं गुलाम करून जायचं.

जे लग्नगडी नव्हते त्यांनाही सुटका नव्हती. त्यांच्या नशिबी वेठ होती. जमीनदाराच्या शेतावर आधी फुकट राबायचं, मग वेळ उरली तर आपल्या शेतात. जंगलाच्या ठेकेदाराची वेठ वेगळी, साहेबलोकांच्या सामानाची ओझी वेगळी. नाही म्हटलं तर झाडाला बांधून फटके. मुंबई सरकारने आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करायला सिमिंग्टन नावाचा अधिकारी नेमला होता. त्याच्या १९३९ सालच्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे. सरकारला माहिती नव्हती असं नाही. पण कागद दप्तरात राहिला आणि वारली वेठीत राहिला.

आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही. मेलेलं ढोर ओढा, दवंडी द्या, साहेबाच्या घोड्यापुढे पळा, सरपण आणा आणि बदल्यात दारोदार भाकर मागा, ही महारकी आपल्या आज्या-पणज्यांनी भोगली. निजामाच्या राज्यातही वेठ होतीच. महार वतन ही गुलामीच आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाचं बिल आणलं. म्हणून वारल्यांची वेठ आणि आपली वेठ या एकाच दोरखंडाच्या दोन गाठी आहेत, असं आम्ही मानतो.

वकिलाची लेक

गोदावरी लक्ष्मण गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील नामांकित वकील. घर सुखवस्तू, ब्राह्मणी, नेमस्त विचारांचं. मुलीने शिकावं याला घरचा विरोध नव्हता. फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकून त्या पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याची पदवी मिळवली. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ज्या काळात बहुसंख्य घरांत मुलींना अक्षरओळखही नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. मनात आणलं असतं तर काळा कोट घालून कोर्टात उभं राहायला आणि बंगला बांधायला त्यांना काही अडचण नव्हती.

पण तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीचा. १९३२ साली त्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेल्या. वडिलांना हे रुचलं नाही. गोदावरीबाईंनी घर सोडलं आणि मुंबई गाठली. आईबापाचं सुखाचं घर सोडणं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मोठं धाडस. मुंबईत त्या भारत सेवक समाजाच्या कामात शिरल्या. त्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं, चाळीचाळींत फिरून अडाणी माणसांना पाटी-पेन्सिल दिली. मग घरकाम करणाऱ्या गड्यामोलकरणींची संघटना बांधली. जी माणसं दुसऱ्यांच्या घरात भांडी घासतात त्यांनाही हक्क असतात, असं बोलणारं तेव्हा फारसं कोणी नव्हतं.

बाबासाहेबांच्या पक्षातले शामराव

या कामातच त्यांची गाठ शामराव परुळेकर यांच्याशी पडली. शामरावांची ओळख आपल्या लोकांना मुद्दाम करून दिली पाहिजे. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षातर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आलेल्यांत शामराव होते. कोकणात तेव्हा खोती होती. खोत म्हणजे गावाचा मालक. त्याच्यापुढे कुणबी आणि महार कुळं सारखीच भरडली जात. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल विधानसभेत मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्या लढ्यात बाबासाहेबांच्या बरोबरीने शामराव उभे होते. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणूनही ते गेले होते.

मे १९३९ मध्ये शामराव आणि गोदावरीबाई यांचं लग्न झालं. त्याच सुमाराला दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले आणि शामरावांची वाट बाबासाहेबांच्या वाटेपासून वेगळी झाली. हे झाकून ठेवण्याचं कारण नाही. कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचे मतभेद होते आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या भाषणात बुद्धाचा मार्ग आणि मार्क्सचा मार्ग यांतला फरक त्यांनी जगापुढे मांडला. दुःख आणि शोषण संपावं हे दोघांचंही ध्येय, पण ते जबरदस्तीने नव्हे तर माणसाचं मन बदलून संपलं पाहिजे, हे त्यांनी तिथे समजावून सांगितलं. आपण त्याच मार्गाचे आहोत. पण वेगळ्या वाटेने गेलेल्या माणसाने गुलामाची बेडी तोडली असेल, तर त्याचा मान ठेवणं हेही आपलंच काम आहे.

तिटवाळ्याहून झरीला

महायुद्धाला विरोध केला म्हणून १९४० ते १९४२ या काळात परुळेकर पतिपत्नी तुरुंगात होते. सुटल्यावर त्यांनी ठाणे जिल्ह्यात किसान सभेचं काम धरलं. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ तिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची पहिली परिषद भरली. त्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले होते. अंगावर लंगोटी, पोटात भूक आणि मनात भीती अशी ती माणसं. झरी गावचा माह्या धांगडा त्यांच्यात होता. आमच्या मुलखात या, आमचे हाल बघा, असा त्या लोकांचा आग्रह होता.

गोदूताई गेल्या. पायी गेल्या. रानवाटांनी पाड्यापाड्यावर हिंडल्या, वारल्यांच्याच झोपडीत राहिल्या, त्यांच्या घरात असेल ते खाल्लं. शहरातला पांढरपेशा माणूस दिसला की वारल्याला धडकी भरे, कारण तसा माणूस म्हणजे सावकार, फॉरेस्टवाला नाहीतर पोलीस. मागायला, मारायला किंवा पकडायलाच तो यायचा. ही बाई मात्र काही मागत नाही, मारत नाही, उलट जमिनीवर बसून आपलं गाऱ्हाणं ऐकते, हे बघून हळूहळू माणसं बोलती झाली. बाया बोलत्या झाल्या. आजवर कोणी विचारलंच नव्हतं ते सारं बाहेर आलं.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसं जमली. जमीनदाराच्या नुसत्या नावाने ज्यांचे पाय लटपटत, ती माणसं जमीनदाराच्या मुलखात उघड सभेला आली, हीच मोठी गोष्ट. तिथे जे ठरलं ते चार शब्दांत मावेल एवढं सोपं होतं. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचं नाही. फुकट वेठ करायची नाही. जमीनदाराने हात उचलला तर मुकाट मार खायचा नाही, सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. आणि काही झालं तरी एकी मोडायची नाही.

कायदा शिकलेल्या गोदूताईंना ठाऊक होतं की वेठ कोणत्याच कायद्यात बसत नाही. ती बसलेली होती ती भीतीत. म्हणून त्यांनी पहिल्यांदा कोर्टाचा दरवाजा ठोठावला नाही, माणसाच्या मनाचा ठोठावला. परिषद संपवून वारली आपापल्या पाड्यावर गेले आणि दुसऱ्या दिवशीपासून वेठीला जायचे बंद झाले. बोलावणं आलं तरी गेले नाहीत. बघता बघता दोन्ही तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ थांबली.

बेड्या तुटल्या

वेठ थांबली, पण लग्नगडी अजून जमीनदारांच्या वाड्यातच होते. वेठबिगारीचा माणूस रात्री तरी आपल्या झोपडीत परत येई. लग्नगड्याला झोपडीही नव्हती. पळून गेला तर जमीनदाराची माणसं शोधून आणत आणि सर्वांदेखत मारत, म्हणजे दुसऱ्या कोणाला तसं धाडस होऊ नये.

तेव्हा किसान सभेने ठरवलं की आता लग्नगड्यांना सोडवायचं. मोकळे झालेले वारली लाल बावटा घेऊन, घोळक्याने गावोगाव हिंडू लागले. जमीनदाराच्या दारासमोर जाऊन ते आतल्या लग्नगड्यांना सांगत की तुम्ही आजपासून कोणाचे देणेकरी नाही, बाहेर या. आणि माणसं बाहेर येऊ लागली. बायकापोरांसह बाहेर येऊ लागली. कोणी म्हातारी झालेली, कोणी नुकतं लग्न होऊन आलेली. ज्याने कर्ज घेतलं त्याने ते कधीच घाम गाळून फेडलं होतं, फक्त वहीत ते दिसत नव्हतं. गावामागून गाव आणि वाड्यामागून वाडा असा हा प्रकार चालला आणि शतकाची पद्धत काही महिन्यांत मोडून पडली.

यात आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. कालपर्यंत जो स्वतः गुलाम होता तोच आज दुसऱ्या गुलामाला सोडवायला निघाला. हॅरिएट टबमनने जे केलं तेच या निरक्षर वारल्यांनी केलं. गोदूताई आणि शामराव पाठीशी होते, रस्ता त्यांनी दाखवला. पण पाय वारल्यांचे होते. बाहेरचा माणूस येऊन बेडीची किल्ली देईल, याची वाट बघत बसला तो सुटत नाही. गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या म्हणजे तो बंड करतो, हा जो विचार आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे, त्याचा पडताळा डहाणूच्या जंगलात असा आला.

तलवाड्याची रात्र

जमीनदार हे मुकाट्याने सोसणार नव्हते. १९४५ च्या पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम आला. या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यात जमीनदार-व्यापाऱ्यांचा मोठा पैसा होता. वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागितले आणि ते मिळेपर्यंत विळा हातात न घेण्याचं ठरवलं. गवत उभं वाळू लागलं. तेव्हा एक डाव टाकला गेला.

१० ऑक्टोबर १९४५ च्या सुमारास पाड्यापाड्यांवर खोटी बातमी पसरवली गेली की गोदाराणीची तलवाड्याला सभा आहे, तिच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. इकडे पोलिसांना सांगण्यात आलं की वारली हत्यारं घेऊन दंगा करायला जमत आहेत. गोदूताईंनी सभा बोलावलीच नव्हती. पण त्यांचं नाव ऐकल्यावर वारली घरात थांबणार कसे? रात्रीच्या अंधारात हजारो माणसं तलवाड्याला गोळा झाली. ती लुटायला आली नव्हती, आपल्या बाईला वाचवायला आली होती. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे जागीच गेले. कित्येक जखमी झाले.

गोळी चालली तरी माणसं पळाली नाहीत. लाल बावट्याभोवती बसून राहिली. किसान सभेचा निरोप येऊन ही अफवा आहे, घरी जा, असं सांगितल्यावरच ती उठली. वर्षापूर्वी जी माणसं फॉरेस्टच्या शिपायाला बघून झाडीत लपत होती, ती आता बंदुकीसमोर बसून राहिली होती.

सरकारने परुळेकर पतिपत्नींना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. पुढारी गेले की चळवळ बसेल, असा हिशोब होता. तो चुकला. वारल्यांनी संप मोडला नाही आणि शेवटी अडीच रुपयांचा दर जमीनदारांना मान्य करावा लागला. त्यानंतर जंगलतोडीच्या मजुरीसाठी लढा झाला. १९४६ साली प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, तरी हद्दपाऱ्या आणि अटकसत्र थांबलं नाही. पण मोडलेली वेठ पुन्हा उभी राहिली नाही आणि सुटलेला लग्नगडी पुन्हा वाड्यात गेला नाही.

पुढचं आयुष्य

यानंतर दोघांचं सगळं आयुष्य त्या मुलखातच गेलं. कधी भूमिगत, कधी तुरुंगात, कधी पाड्यावर. १९५७ साली ठाणे मतदारसंघातून शामराव लोकसभेवर निवडून गेले. १९६२ च्या चीन युद्धानंतर पुन्हा धरपकड झाली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातच शामरावांचं निधन झालं. ज्या माणसाने इतरांच्या बेड्या तोडल्या, त्याला स्वतःचा शेवटचा श्वास तुरुंगाच्या भिंतीत घ्यावा लागला.

गोदूताई एकट्या उरल्या, पण खचल्या नाहीत. वारल्यांच्या लढ्याची सगळी हकीकत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० साली ते निघालं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या कारावासाची कहाणीही त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या नावाने लिहिली. आयुष्यातली आठ वर्षं गजाआड म्हणजे काय, याचा विचार वाचकांनी करावा. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार बायांनी आपल्या हक्काची मोठी वसाहत उभी केली आणि तिला गोदूताईंचं नाव दिलं.

आपण काय घ्यायचं?

विहारात आपण पंचशील घेतो. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात माणसांचा व्यापार आहे, हे आपण विसरता कामा नये. सिगालोवाद सुत्तात मालकाने चाकराशी कसं वागावं तेही सांगितलं आहे. ताकद बघून काम द्यावं, वेळेवर अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेल्या या साध्या गोष्टी डहाणूच्या जमीनदारांनी पाळल्या असत्या, तर जेठ्या गांगडला मरावं लागलं नसतं.

आणि ही गोष्ट संपलेली आहे असंही नाही. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि ती बऱ्याच वेळा लेकीच्या लग्नासाठी घेतलेली असते. हंगाम संपतो, उचल संपत नाही. वीटभट्टीवरही तेच. प्रत्येक उचल म्हणजे गुलामी असं आमचं म्हणणं नाही. पण पैसे फिटले नाहीत म्हणून माणसाला अडकवून ठेवलं, दुसरीकडे जाऊ दिलं नाही, मजुरी न देता राबवलं, तर ती वेठबिगारीच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द ठरतं आणि असं राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे आणि त्यासाठी जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या असाव्यात असं कायदाच सांगतो. आपल्या वस्तीतलं कोणी असं अडकलं असेल तर घरात बसून हळहळू नये. चार जणांनी मिळून अर्ज लिहावा, सही-अंगठे घ्यावेत, आणि कलेक्टर कचेरीत नेऊन पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट त्याहून आपल्या हातातली आहे. वारल्याला गुलाम केलं ते लग्नाच्या खर्चाने. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात लग्नविधी साधा आहे. विहारात, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, पांढऱ्या कपड्यात, फुलांच्या हाराने लग्न होतं. त्याला ना हुंडा लागतो, ना डीजे, ना पाचशे पानांची पंगत. तरी आपल्यातली काही घरं गावात नाव राहावं म्हणून मोठा मांडव घालतात आणि पुढे तीन हंगाम त्या मांडवाचं कर्ज उसाच्या फडात फेडतात. मायबापांनो, हिशोब करून बघा. एका दिवसाच्या थाटासाठी नवरा-नवरीने मुकादमाच्या वहीत नाव घालायचं, तर ते लग्नगडीच झाले की नाही?

गोदूताईंनी घर सोडलं, वकिली सोडली, आठ वर्षं तुरुंगात काढली, तेव्हा वारल्यांचे लग्नगडी सुटले. आपल्याला तेवढं काही सोडायचं नाही. विहाराच्या वर्धापनदिनी एवढं ठरवलं तरी पुरे, की आपल्या वस्तीतलं यापुढचं एकही लग्न उचलीवर होणार नाही. ज्याच्या घरी कार्य आहे त्याच्या पाठीशी सगळी वस्ती उभी राहील. भांडी विहाराची, स्वयंपाक बायांचा, मांडव पोरांचा, आणि कर्ज कोणाचंच नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.